आईच्या उशीतला आवाज

घरात विजेवर चालणाऱ्या एकूण एकतीस वस्तू होत्या. दिवे-पंखे धरून. चौदा सगळ्यांच्या, अकरा माझ्या, चार बाबांच्या, एक आईची आणि एक कोणाचीच नाही: दारावरची घंटा. ती दाबली तरी वाजत नाही, पण आतला तिचा तांबडा दिवा सतत जळत असतो. आईची एकुलती एक वस्तू म्हणजे युनिफॉर्मची इस्त्री.

यंत्रांची मला हौस आहेच. घरात नवीन काही आलं की मी आधी ते उघडून बघते आणि माहितीपत्रक नंतर वाचते. पण ही मोजदाद हौसेपोटी केलेली नव्हती. आईला झोप येत नव्हती म्हणून केली होती.

आई हॉस्पिटलात नर्स आहे आणि बरीच वर्षं तिने रात्रपाळी मागून घेतलेली आहे. "रात्री साहेबलोक कमी असतात, म्हणून कामं होतात," असं तिचं म्हणणं. सकाळी घरी येते, आंघोळ करते, अर्धा कप चहा घेते आणि पडदे ओढून झोपते ती दुपार टळेपर्यंत. त्यामुळे आमच्याकडे दिवसा सगळे कुजबुजतात. मी बोलायला शिकले तीच कुजबुजत, आणि पदवी मिळाल्यापासून त्याची भरपाई करतेय, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

एक दिवस आई दुपारी बाराच्या सुमाराला उठून स्वयंपाकघरात आली. डोळे लाल.

"काय चालू आहे गं?"

"कुठे काय? काहीच नाही."

"काहीतरी गुणगुणतंय."

"डासासारखं?"

"छे, डास बारीक. हे जाडं आहे. कोणीतरी तोंड मिटून हूं म्हणतंय असं. येतं, जातं. पुन्हा येतं. श्वास घेतल्यासारखं."

मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले. बाबा माझ्या मागे. आम्ही दोघांनी श्वास रोखून ऐकलं.

"मला तर काही ऐकू येत नाही," बाबा म्हणाले.

"तुम्हाला मी मारलेली हाकसुद्धा ऐकू येत नाही," आई म्हणाली.

पहिले काही दिवस ही थट्टाच होती. मग आई हॉलमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपायला लागली. हातातला कप तिरका व्हायचा आणि ती दचकून उठायची. खोलीत जाऊन आडवी झाली की मात्र डोळे टक्क उघडे. कापसाचे बोळे झाले, कान बंद करायचे रबरी खुंटे झाले. "आता ते आतून ऐकू येतं," ती म्हणाली. हे ऐकून बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी बाबांकडे. आईने आम्हा दोघांना बघताना बघितलं.

आणि मग एका सकाळी ती इस्त्री करता करता, पाठमोरीच, म्हणाली, "काल सहा नंबरची सलाइन मी नऊ नंबरला लावायला निघाले होते."

"लावलीस?"

"नळी हातात होती. तो पेशंटच म्हणाला, सिस्टर, माझी तर संध्याकाळीच काढली ना?"

"मग काही झालं नाही ना."

"झालं नाही हे तू म्हणू शकतेस," आई म्हणाली. "मी नाही."

तिने स्वतःच जाऊन मेट्रनला सांगितलं होतं. मेट्रन तिच्याच बॅचची. दोघी एकाच वसतिगृहात राहिल्या होत्या. वॉर्डात तिला सगळे मागून करडी म्हणतात. आई तोंडावर म्हणते. करडीने ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की रेकॉर्ड रूममध्ये दिवसाची जागा रिकामी आहे, तिथे बस, रात्री घरी झोप. गुरुवारी चारपर्यंत हो म्हण, नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाला जाईल; आणि अशा अवस्थेत तुला वॉर्डात उभी करायला माझं मन धजत नाही.

"फायलींना ताप येत नाही," आई म्हणाली. "त्या रात्री उठून पाणी मागत नाहीत. मी तिथे दिवसभर काय करू?"

तिने इस्त्री उभी केली आणि कॉलर बोटाने चाचपून बघितली. कॉलरला सुरकुती नव्हती. तिने पुन्हा इस्त्री फिरवली.

म्हणून मी वस्तू मोजल्या.

माझी पद्धत साधी होती. आई पलंगावर डोळे मिटून पडणार. मी एकेक वस्तू बंद करणार, पण कोणती ते तिला सांगणार नाही. आवाज असेल तर तिने 'आहे' म्हणायचं. मधूनमधून मी काहीच बंद करणार नाही, म्हणजे ती अंदाजाने बोलतेय का ते कळेल. बाबांना मी स्विचबोर्डापाशी उभं केलं.

"फ्रिज," मी कुजबुजले.

"फ्रिज बंद!" बाबा ओरडले.

"बाबा, तिला कळायचं नाहीये."

"अगं, मग मला तरी कसं कळणार कळायचं नाहीये ते?"

आतून आईचा आवाज आला, "आहे. आणि दूध नासलं तर दोघांनी प्यायचं."

राऊटर. आहे. बाबांचा रेडिओ. आहे. मिक्सर, जो बंदच होता, पण मी त्याचा प्लगही काढला. आहे. दारावरची घंटा. आहे. खोलीच्या बरोबर मध्यभागी मी तिपाईवर मोबाईल उभा केला होता, चारही भिंतींपासून सारख्या अंतरावर. फूटपट्टी लावून ती जागा काढली होती, उगाच एका भिंतीला झुकतं माप नको म्हणून. मोबाईल आवाज मोजत होता आणि आकडे ब्लूटूथवरून माझ्या डब्यात जमा होत होते.

डबा म्हणजे माझा छोटा कॉम्प्युटर. पडद्याशिवायचा, पाव किलो साखरेच्या दोन पुड्या शेजारी ठेवाव्यात एवढा. आत दोन हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो त्यात आहेत, आई-बाबांच्या लग्नाचेसुद्धा, मी एकेक करून स्कॅन केलेले. शिवाय जिन्यातलं तापमान, टाकीतल्या पाण्याची पातळी, लिफ्ट दिवसात किती वेळा आमच्या मजल्यावर थांबते ते, असं काय काय. कशासाठी, असं बाबा विचारतात. उपयोग काय ते नंतर कळतं, असं मी सांगते. नोंद नसेल तर नंतरही कळत नाही.

शेवटी मी मेन स्विचच पाडला. पूर्ण घर गप्प झालं. वीज गेल्यावर जे शांत होतं ते आधी वाजत होतं हे तेव्हाच समजतं. लांबवर कोणीतरी पाण्याची बादली ओढत होतं, तेवढंच.

"आई?"

अगदी हळू उत्तर आलं, "आहे."

मोबाईलवरची रेघ सपाट होती. चोवीस डेसिबल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मेन स्विच बंद असतानाही माझ्या डब्याने एक नोंद चुकवली नव्हती, कारण त्याला मी स्वतंत्र बॅटरी जोडलेली आहे. वीज गेली की ती बॅटरी शिटी मारायची. आईची झोपमोड नको म्हणून ती शिटीही मीच बंद करून ठेवली होती. त्या दिवशी त्या सपाट रेघेकडे बघताना मला माझ्या व्यवस्थेचं कौतुकच वाटलं. निष्कर्ष स्वच्छ होता. आवाज घरातला नाही.

मग बाहेरचा. आमच्या बरोबर खाली थंड पेयांचं दुकान आहे, काचेच्या दाराचे तीन मोठे फ्रिज असलेलं. दुकानदाराला आम्ही थंडकाका म्हणतो. स्वभावाने मात्र गरम.

"काका, दहा मिनिटं फ्रिज बंद कराल?"

"आइस्क्रीमचं पाणी झालं तर तू पिणार?"

"आईला झोप येत नाही हो. आवाज येतो म्हणते."

"माझ्या फ्रिजचा?" त्यांनी फ्रिजच्या अंगावर हात ठेवला, जणू मी त्याच्या चारित्र्याबद्दल काही बोलले होते. "गेल्या वर्षी घेतलाय. माझ्यापेक्षा कमी घोरतो." मग त्यांनी तो हात खाली घेतला. "सिस्टरना झोप नाही? पोरीचा हात भाजला तेव्हा रोज ड्यूटीवरून येताना पट्टी बदलून जायच्या." आणि त्यांनी तिन्ही फ्रिज बंद केले, दारावरची लुकलुकणारी पाटी बंद केली, आणि मी सांगितलं नव्हतं तरी गल्ल्यावरचा छोटा पंखाही बंद केला. आम्ही दोघं घाम पुसत उभे राहिलो. मी वर फोन लावला.

"आई?"

"आहे गं. राहू दे आता."

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"आहे म्हणाली."

त्यांनी एकेक बटण परत दाबलं. "मग काय, बाई, गच्ची बघ. नाहीतर..." ते फडक्याने काच पुसायला लागले.

मी गच्ची बघितली. पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर, शेजारच्या इमारतीवरचा टॉवर. त्या आठवड्यात मला रस्त्यावरून धड चालताही येईना. प्रत्येक गोष्ट काही ना काही आवाज करत होती. पार्किंगचं फाटक उघडताना चिंचिं करतं, लिफ्ट दार बंद होत असल्याचं रिकाम्या जिन्याला सांगते, औषधाच्या दुकानातलं वजनाचं यंत्र शेजारून गेलं तरी या या म्हणतं. चार्जरलाही आवाज असतो, कान लावला तर. मी लावला. औषधवाल्याने माझ्याकडे बघून ग्लुकोजचं पाकीट पुढे केलं.

मीही नीट झोपत नव्हते. जेवताना मध्येच उठून मोबाईल बघायचे. सपाट रेघ, रोज सपाट. आकडा खोटं बोलत नाही, मोजमाप खोलीच्या मध्यभागी आहे, सगळं नियमात आहे. म्हणजे उरते ती आई. हे वाक्य मी मोठ्याने कधी म्हटलं नाही. पण आईने एकदा खोलीच्या मधोमध उभी असलेली त्या तिपाईला वळसा घातला, आणि तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिपाईनेच ते वाक्य म्हटलं होतं.

बुधवारी ती म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येते. आणि मग करडीला हो म्हणून टाकते."

"अजून थोडं थांब ना."

"कशासाठी? माझ्या हातात माणसं असतात, बाळा. तुझ्या डब्यात आकडे असतात. आकडा चुकला तर तू पुसून परत लिहितेस."

गुरुवारी सकाळी बाबा तिला घेऊन गेले. मी घरीच राहिले. काहीतरी करायला हवं म्हणून तिच्या खोलीला जाड काळा पडदा लावायला घेतला. आवाज थांबवता येत नाही तर निदान उजेड तरी. पलंगावर उभी राहून मी पडद्याची दांडी बसवत होते, तेवढ्यात एक स्क्रू हातातून सुटला, पलंगाच्या काठावर आपटला आणि भिंत आणि पलंग यांच्यामधल्या फटीत गेला.

मी पालथी पडले, गाल आईच्या उशीवर टेकवला आणि फटीत हात घातला.

हूं.

मी हात तसाच ठेवून पडून राहिले. हूं, आणि मग विरत गेलं, आणि पुन्हा भरत आलं. श्वास घेतल्यासारखं. तिने नेमके हेच शब्द वापरले होते. मी डोकं उचललं. नाही. टेकवलं. आहे. मी उठून बसले, पलंगावरून उतरले, खोलीच्या मध्यभागी, तिपाईजवळ गेले. काहीही नाही. दारात. अगदी पुसट आहे; त्या दिवशी बाबा आणि मी दाराशी उभे राहिलो तेव्हा तो विरण्याच्या फेऱ्यात असावा. परत उशीपाशी. आहे.

हे मला माहीत होतं. परीक्षेत मी याची आकृती काढली आहे. दोन भिंतींमध्ये अडकलेला जाड आवाज सगळीकडे सारखा नसतो. भिंतींपाशी तो साचतो, आणि खोलीच्या लांबीशी त्याचं गणित जुळलं तर नेमक्या मधल्या रेषेवर जवळजवळ नाहीसा होतो. खोलीत आवाज ऐकू येऊ नये अशी सर्वांत चांगली जागा मी फूटपट्टी लावून शोधली होती आणि तिथे मोबाईल उभा केला होता.

मी तिपाईवरून मोबाईल काढला आणि उशीवर ठेवला. एकेचाळीस.

आता भिंत. पलंगाच्या डोक्याकडची भिंत. तिच्या पलीकडे काय आहे, हे आठवायला मला वेळ लागला नसता, पण मी वेळ लावला. पलीकडे माझी खोली आहे. त्या भिंतीवर मी नवीन फळी ठोकली आहे, चांगली घट्ट, चार बोल्ट लावून, डबा हलू नये म्हणून. ती फळी ठोकली त्याच आठवड्यात आईने पहिल्यांदा मला विचारलं होतं, काय चालू आहे गं.

एकतीस वस्तूंपैकी मी तीस बंद करून बघितल्या होत्या. एकतिसावी बंद केली असती तर नोंदी कुठे जमा झाल्या असत्या?

मी माझ्या खोलीत जाऊन फळीवर तळहात ठेवला. बोटांना बारीक मुंग्या आल्या. आत दोन डिस्क फिरत होत्या, एकाच वेगाने. म्हणजे जवळजवळ एकाच. त्या जवळजवळमुळेच त्यांचा आवाज एकदा एकत्र येऊन वाढतो आणि एकदा एकमेकांना खातो. तो श्वास हाच.

डबा सहजासहजी बंद होत नाही. ती सोय मीच केलेली आहे. नोंदी थांबतील, खात्री आहे का, असं त्याने मोबाईलवर विचारलं. आहे म्हटलं. खरंच, असं विचारलं. मी वीजही काढली आणि बॅटरीचा प्लगही. मुंग्या थांबल्या. मी धावत आईच्या खोलीत गेले. उशीवर तेवीस.

मला तिला लगेच फोन करायचा होता. मी नंबर काढला आणि ठेवून दिला. सांगितलं तर ती मला बरं वाटावं म्हणूनही 'गेला आवाज' म्हणेल. ती तशी आहे. तिला न सांगताच तपासायला हवं होतं. मी घरभर येरझाऱ्या घातल्या. फरशी पुसली. पुसलेली फरशी पुन्हा पुसली. करडीला चारच्या आत उत्तर द्यायचं होतं आणि दोघं अजून येत नव्हती.

आली तेव्हा आईच्या हातात पाकीट होतं.

"कान उत्तम आहेत," तिने ते टेबलावर टाकलं. "माझ्या वयाला तर फारच उत्तम, असं म्हणाला तो पोरगा. म्हणजे बिघाड वर आहे." तिने कपाळावर बोट टेकवलं. "फोन कुठंय माझा? करडीला सांगून टाकते."

"आधी पाच मिनिटं आडवी हो."

"पुन्हा प्रयोग?"

"शेवटचा. मग काय हवं ते कर."

"अगं, दमलीय ती," बाबा म्हणाले.

"म्हणूनच म्हणतेय."

आईने चपला काढल्या, साडीचा पदर सावरला आणि आत गेली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. काळा पडदा एकाच बाजूने लटकत होता. तिने उशीवर डोकं टेकवलं, डोळे मिटले आणि सवयीने तोंड उघडलं. 'आहे' म्हणायला.

ते तसंच उघडं राहिलं.

तिने डोकं उचललं, पुन्हा टेकवलं. उशी उलटी केली. भिंतीला कान लावला.

"काय केलंस?"

"आधी सांग, आहे का नाही?"

"नाही," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "नाहीये गं. काय केलंस तू?"

"डबा बंद केला."

"कुठला डबा?"

"माझा. या भिंतीच्या मागे आहे तो."

बाबांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावलं. "म्हणजे काखेत..."

"पुढचं म्हणू नका, बाबा."

"मेन स्विच पाडला होता ना पण?"

"त्याला वेगळी बॅटरी आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे मला ऐकू येत होतं ते होतं."

"होतं. एकेचाळीस डेसिबल होतं."

"होतं," ती पुन्हा म्हणाली. एक हात तिने उशीखाली सारला. "माझ्या लग्नाचे फोटो आहेत ना त्यात?"

"आहेत. जातील कुठे? त्याला दुसरीकडे ठेवू, खाली रबर घालून."

"आजच नको." तिचे डोळे मिटत होते. "करडीला... चारच्या आत..."

"मी उठवते तुला."

मी उठवणार होते. पावणेचारला दारापर्यंत गेलेही. ती कुशीवर वळली होती, एक पाय पलंगाबाहेर, तोंड किंचित उघडं. मी परत फिरले. पुन्हा गेले. पुन्हा परत. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. मी तो उचलून स्वयंपाकघरात पळाले.

"चार वाजले," मेट्रन म्हणाल्या. "कुठंय ती?"

"मावशी, मी बोलतेय. आई झोपलीय."

"काय?"

"झोपलीय. उठवू का?"

"खबरदार उठवलंस तर!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की बाबांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "कधीपासून?"

"जेवणाआधीपासून. आवाज खरा होता, मावशी. माझ्याच खोलीतून येत होता. मी बंद केला."

पलीकडे वॉर्डातली चाकं वाजत होती, ट्रॉली जात असावी.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मी लगेच वॉर्ड देणार नाही. तिच्यासाठीही नाही. रविवारपर्यंत सुट्टी टाकते. रोज अशी झोपली, तर सोमवारी रात्री ये म्हणावं. नाही झोपली, तर फायली."

"आणि ती दिवसाची जागा?"

"तोवर थांबवते मी. कोणी विचारलं तर मी करडी आहेच." मग त्यांचा आवाज बदलला. "ए, तो कसला आवाज येतोय मागून?"

दार लोटलेलं होतं, मध्ये पॅसेज होता, तरी येत होता.

"आईच."

"वसतिगृहातही अशीच," मेट्रन म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी मोबाईल घेऊन पुन्हा आईच्या खोलीच्या दारात गेले. तिपाई कोपऱ्यात सरकवली आणि मोबाईल पलंगाच्या डोक्यापाशी, जमिनीवर ठेवला. डबा बंद होता, त्यामुळे आकडा कुठे जमा होणार नव्हता. तो मी तिथेच उकिडवी बसून वाचला.

घोरणं, उशीपासून एक मीटरवर: सत्तावन्न डेसिबल.